तलवाडा : दुपारी तीनपर्यंत

१२ एप्रिल १८६१, शुक्रवार. पहाटे ३ वाजून २० मिनिटं

अमेरिकेतल्या चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी फोर्ट सम्टर नावाचा किल्ला आहे. आत मेजर रॉबर्ट अँडरसन आणि त्याची सुमारे ८५ माणसं. शिधा संपत आलेला. किनाऱ्यावर गुलामी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटलेल्या राज्यांच्या तोफा. जनरल बोरेगार्डचे अधिकारी किल्ल्यात येऊन अँडरसनच्या हातात चिठ्ठी देतात. आत्तापासून एका तासाने मारा सुरू होईल. चिठ्ठीवर वेळ घातलेली आहे, ३.२०.

पहिला गोळा साडेचारला सुटला. कबूल केलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं उशिरा.

त्या यादवीची ही पहिली लढाई ३४ तास चालली आणि ३ हजारांहून जास्त गोळे पडले. लढाईत दोन्ही बाजूंचा एकही माणूस मेला नाही. हे आकडे बाजूला ठेवू, पुढे लागतील.

६ ऑक्टोबर १८६०. तलवाड्याच्या ८५ वर्षं आणि ४ दिवस आधी

सम्टरच्या सहा महिने आधीची ही तारीख. भारतीय दंड संहिता मंजूर झाली. कलम ३७४ : माणसाकडून त्याच्या मर्जीविरुद्ध बेकायदा काम करून घेतलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा त्याच्याही आधी, १८४३ मध्ये झाला होता.

म्हणजे अमेरिकेत गुलामीपायी माणसं एकमेकांवर तोफा डागत होती, तेव्हा मुंबईच्या वर, वैतरणा नदीच्या उत्तरेला, कागदावर, गुलामी नव्हती.

२८ नोव्हेंबर १८६४. जवळपास ८१ वर्षं आधी

बीबीसीआय रेल्वेचा रूळ मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला. गुजरातचा कापूस बंदरात आणायला ही लाइन टाकली होती. अमेरिकेतलं युद्ध ऐन भरात होतं, तिकडचा कापूस अडकला होता, आणि मुंबईचे व्यापारी दोन्ही हातांनी पैसा ओढत होते.

रूळ वसईची खाडी ओलांडतो, वैतरणा ओलांडतो, पालघर, बोईसर, डहाणू करत उंबरगावकडे जातो. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला जंगल. जंगलात वारली आदिवासी. आगगाडीने कापूस खाली नेला आणि या जंगलाचं लाकूड, कोळसा, गवतही मुंबईच्या पल्ल्यात आणलं. व्यापारी आला, ठेकेदार आला, सावकार आला. एका पिढीत वारल्याची जमीन सावकाराच्या खात्यावर चढली. वारली तिथेच राहिला. कालपर्यंत स्वतःची असलेली जमीन तो आता खंडाने कसू लागला, आणि खंडाशिवाय वेठ.

वेठ म्हणजे शेठने हाक मारली की जायचं. त्याची नांगरणी आधी, आपली मागून. त्याचं घर शाकारायचं, लाकडं तोडायची, पाणी भरायचं. आणि त्यावर लग्नगडी. लग्नासाठी ५० ते २०० रुपये काढायचे आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या घरी राबायचं. ते फिटत नसत. बायकोही त्याच घरी राबायची. आणा रोज धरला आणि त्यातला एक पैसाही खाल्ला नाही असं धरलं, तरी २०० रुपये फिटायला ३२०० दिवस लागतात. पावणेनऊ वर्षं. लग्नगड्याला आणाही मिळत नव्हता.

१९३८. सात वर्षं आधी

मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्याला आदिवासी भागाची पाहणी करायला सांगितलं होतं. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं. सिमिंग्टन फिरला, आणि त्याने जे लिहिलं ते सरकारी अहवालात सहसा सापडत नाही. जंगलपट्टीतल्या सगळ्याच कुळांना वेठ करावी लागते. जमीनदाराला गरज असेल तितके दिवस करावी लागते. नाही म्हटलं, टाळाटाळ केली, तर मार बसतो. मोबदला फार तर एक आणा, बहुतेक वेळा एका माणसाच्या एका जेवणापुरता तांदूळ.

कुठल्या चळवळीचं हे पत्रक नव्हतं. सरकारच्याच माणसाने सरकारला कळवलेलं होतं.

नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. राज्यपालाचा कारभार सुरू झाला. अहवाल छापलेला होता, मुंबईत होता. कलम ३७४ ही जागेवर होतं. दोन्हींची गाठ कुणी घालून दिली नाही.

७ जानेवारी १९४५, रविवार. २७६ दिवस आधी

कल्याण तालुक्यात टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद. हजारोंचा जमाव. शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर यांनी ठाणे जिल्ह्यात गावोगाव पायी फिरून ही माणसं जमवली होती. त्यात उंबरगाव भागातून आलेले १५ वारली.

त्यांच्यातला माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहिला आणि आपल्या पाड्यांवरचं जिणं त्याने सांगितलं. समोर बसलेले शेतकरीच होते. त्यांनाही हे नवं होतं, आणि टिटवाळा ते उंबरगाव अंतर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरचं.

२३ मे १९४५, बुधवार. १४० दिवस आधी

उंबरगाव तालुक्यातलं झरी गाव. उंबरगाव आणि डहाणू या दोन तालुक्यांतून पाच हजार वारली आले. किसान सभेचा लाल बावटा उभा राहिला. ठराव चार, आणि चारही डोक्यात राहतील एवढे लहान. ते तसेच असायला हवे होते, कारण ऐकणाऱ्यांत लिहिता-वाचता येणारा शोधावा लागला असता.

रोख १२ आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी जमिनीवर काम करायचं नाही. फुकट काम करायचं नाही. त्याने हात उगारला तर प्रतिकार करायचा. सगळ्यांनी एक राहायचं.

पाच हजार माणसं घरी गेली. त्यांनी हे ठराव पाड्यापाड्यावर तोंडी पोचवले. निरोप एकाने दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्याने तो पुढच्या पाड्यावर न्यायचा. संघटनेकडे छापखाना नव्हता, तार नव्हती, गाडी नव्हती. होती ती एवढीच यंत्रणा. ती किती चांगली चालते हे पुढच्या काही आठवड्यांत सगळ्यांनी पाहिलं. वारल्यांनी पाहिलं तसं जमीनदारांनीही.

जून १९४५. चार महिने आधी

पाऊस पडला. पेरणीच्या वेळी शेठची हाक आली आणि कुणी गेलं नाही.

जिथे लग्नगडी होते तिथे लोक घोळक्याने गेले, त्यांना बाहेर बोलावलं आणि घेऊन आले. कोर्ट नाही, नोटीस नाही, वकील नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली वेठ काही आठवड्यांत बंद पडली. या सगळ्यात सावकारांचे वाडे जळाले नाहीत, कुणाचा खून पडला नाही. इतिहासात अशा गोष्टी क्वचित घडतात, आणि घडल्या की त्यांना लढाई म्हणत नाहीत, म्हणून त्या कुठे शिकवल्याही जात नाहीत.

एक इशाराही इथे होता. हातातून गेलेली गोष्ट जमीनदार तशीच जाऊ देणार नव्हते. पेरणीच्या दिवसांत त्यांना गरज होती म्हणून ते गप्प होते. दुसरा हंगाम यायचा होता.

ऑक्टोबर १९४५ चा पहिला आठवडा

दुसरा हंगाम गवताचा.

आजही ऑक्टोबरात डहाणू लोकलने वैतरणा ओलांडली की उजव्या हाताच्या टेकड्यांवर गवत पिवळं पडलेलं दिसतं. कमरेएवढं, वाऱ्यावर एका अंगाला झुकलेलं. ते फार दिवस थांबत नाही. पाऊस ओसरल्यावर कापलं तर चारा, उशीर झाला तर काड्या. त्या काळी मुंबईतल्या तबेल्यांतली म्हशी-घोडी याच गवतावर जगत. कापायचं, वाळवायचं, दाबून गाठी बांधायच्या, स्टेशनात आणायचं, वाघिणीत भरायचं. मालक आणि ठेकेदार दोघांचा वर्षाचा हिशेब या थोड्या आठवड्यांत जमायचा किंवा बुडायचा.

किसान सभेने दर मागितला. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये.

हा आकडा जरा जवळून पाहू. ५०० पौंड म्हणजे २२७ किलो. डोक्यावर २५ किलोचा भारा धरला तर नऊ भारे. अडीच रुपयांचे आणे ४०. म्हणजे एका आण्याला साडेबारा पौंड. विळ्याने, कमरेत वाकून, पायाखाली साप-विंचू असलेल्या उतारावर.

मालकांनी दर दिला नाही. संप सुरू झाला. गवत उभं राहिलं.

इथून पुढे प्रत्येक दिवस मालकाच्या तोट्याचा होता. सरकारदरबारी तक्रारी जाऊ लागल्या : वारली माजलेत, दंगा करणार आहेत, जिवाला धोका आहे. एखादा अधिकारी पाड्यावर जाऊन गवताचा दर काय मागता एवढं विचारून आला असता तर भांडण कशाचं आहे ते कळलं असतं. साडेबारा पौंडांचं.

बुधवार, १० ऑक्टोबर १९४५. सकाळ

आश्विनातला शुद्ध पक्ष, नवरात्र चालू. महायुद्ध संपून पाच आठवडे झाले होते. मुंबई इलाख्याचा कारभार राज्यपाल सर जॉन कोल्व्हिलच्या हातात. निवडून आलेलं मंत्रिमंडळ नाही, म्हणजे विधिमंडळात उठून प्रश्न विचारणाराही कुणी नाही.

घड्याळाबद्दल एक गोष्ट. युद्धामुळे सरकारने १ सप्टेंबर १९४२ पासून देशाचं घड्याळ एक तास पुढे ओढलं होतं. ते मागे येणार होतं १५ ऑक्टोबरला, म्हणजे आणखी पाच दिवसांनी. त्या बुधवारी कचेरीत आणि पोलीस ठाण्यात जी वेळ होती ती नेहमीच्या वेळेच्या एक तास पुढची होती. पाड्यावर सूर्याचीच वेळ. वारली घड्याळ लावत नव्हता.

त्याच दिवशी, निरोप

पाड्यांवर निरोप फिरू लागला. आज रात्री तलवाड्याला सभा आहे. गोदूताई, म्हणजे गोदावरी परुळेकर, येणार आहेत. मालकाचे गुंड त्यांच्यावर चालून येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे. सगळ्यांनी या. काठ्या घेऊन या.

निरोप आला तो नेहमीच्याच वाटेने. एका पाड्याहून दुसऱ्यावर, एका तोंडातून दुसऱ्या कानात. टिटवाळ्याचा, झरीचा, संपाचा, सगळे निरोप असेच आले होते आणि खरे निघाले होते. यावर विश्वास का ठेवू नये? गोदावरी परुळेकरांनी या माणसांच्या झोपड्यांत मुक्काम केला होता, त्यांच्यातली भाकरी खाल्ली होती. ती बाई संकटात आहे असं कळल्यावर खात्री करून घेत बसण्याएवढा वेळ कुणी काढला नाही.

गोदूताई तलवाड्यात नव्हत्या. त्यांनी सभा बोलावलेली नव्हती.

किसान सभेने पुढे जी हकिकत मांडली ती अशी, की हा निरोप जमीनदारांच्या माणसांनी सोडला होता, आणि सोडणाऱ्यांना वारल्यांचा रिवाज नीट ठाऊक होता. संघटनेचं सगळ्यात चोख हत्यार त्यांनी तिच्यावरच फिरवलं.

त्याच दिवशी, दुसरा निरोप

हा पोलिसांकडे गेला. वारली हजारोंनी जमताहेत. हातात काठ्या आहेत. हल्ला करणार आहेत.

या निरोपातला पहिला भाग खरा ठरणार होता. दुसराही. पहिल्या निरोपाने त्याची व्यवस्था करून ठेवली होती. लोक काठ्या घेऊन येतील हे निरोप देणाऱ्याला आधीच माहीत होतं, कारण काठ्या आणायला त्यानेच सांगितलं होतं.

तिसऱ्या भागाची खात्री करून घेता आली असती. एका शिपायाने जमावाच्या कडेला उभ्या असलेल्या कुणालाही विचारायचं होतं, कशाला आलात? उत्तर एकच मिळालं असतं.

संध्याकाळनंतर

उंबरगाव, तलासरी, डहाणू भागातल्या वाटांवर माणसं चालू लागली. आश्विनातल्या चौथ-पंचमीच्या चंद्राची ती कोर. मध्यरात्रीच्या बऱ्याच आधी मावळली. पुढची वाट अंधारात.

गुडघ्याच्या वर नेसलेलं फडकं, खांद्यावर काठी. ज्यांना पोचायला तीन-चार तास लागणार होते त्यांनी दिवस असतानाच घर सोडलेलं. संपामुळे सकाळी कामावर हजर व्हायचं नव्हतं.

किसान सभेच्या हिशेबाने तलवाड्याला त्या रात्री ३० हजारांवर वारली जमले. आकडा पोलिसांचा नाही, संघटनेचा आहे, आणि अंधारात माणसं मोजणं कठीण. पण झरीला पाच महिन्यांपूर्वी पाच हजार होते, हे धरून पाहावं.

लोक बावट्याभोवती बसले आणि वाट बघू लागले.

रात्र, मध्यरात्रीच्या सुमारास

गोदूताई आल्या नाहीत. बंदुका घेतलेले पोलीस आले.

चार्ल्स्टनला पहाटे ३.२० ला चिठ्ठी मिळाली होती. एक तासाची मुदत, खाली सह्या. किल्ल्यातल्या माणसांना भिंतीमागे जायला वेळ होता, आणि भिंती विटांच्या, कित्येक फूट जाड. तलवाड्याच्या लोकांपुढे भिंत नव्हती. त्यांच्यापुढे गवत होतं.

गोळी सुटली.

गुरुवार, ११ ऑक्टोबर. पहाटेपर्यंत

तीस हजारांच्या जमावावर बंदुका चालल्या की काय होतं हे आपण पुष्कळदा वाचलेलं आहे. लोक पळतात. पळताना तुडवले जातात. अर्ध्या तासात मैदान मोकळं होतं आणि मागे चपला राहतात.

इथे तसं झालं नाही. चपला तर नव्हत्याच.

लोक हलले नाहीत. त्यांना सांगितलेलं होतं की बाईच्या जिवाला धोका आहे, आणि आता गोळ्या येत होत्या; म्हणजे निरोप खराच होता. गोळीने निरोप खोटा पाडण्याऐवजी पक्का केला. बाई कुठेतरी जवळच असतील, येत असतील, आपण उठलो तर त्या एकट्या पडतील. हे त्यांचं गणित होतं, आणि त्यांच्या हाती असलेल्या माहितीवर ते बरोबर होतं.

बावटा उभा होता. लोक त्याच्याभोवती.

सकाळ

उजाडलं. आता दोन्ही बाजूंना एकमेकांचे चेहरे दिसत होते.

रात्रीची गोळी अंधाराच्या, घबराटीच्या, चुकीच्या बातमीच्या खात्यावर टाकता येते. उजाडल्यावर तसं करता येत नाही. उजेडात दिसत होतं की कुठलंही घर पेटलेलं नाही, कुठल्या शेठच्या वाड्याला वेढा नाही, आणि ही माणसं कुणावर चालून न जाता एका जागी बसलेली आहेत. झरीच्या तिसऱ्या ठरावाने त्यांना प्रतिकाराची मुभा दिली होती. तीस हजार काठ्या होत्या.

काठ्या जमिनीवरच राहिल्या.

गोळीबार थांबून थांबून चालू राहिला.

दुपार

सम्टरला दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तोफेच्या गोळ्याने झेंड्याची काठी मोडली. तासा-दीड तासात किल्ला शरण आला. अँडरसनला झेंडा घेऊन जायची परवानगी मिळाली आणि निघताना तोफांची सलामीही. त्या सलामीत आपल्याच तोफेचा स्फोट होऊन डॅनियल हफ हा सैनिक मेला. मृत्यू काय तो या स्फोटात, तोही लढाई संपल्यावर.

तलवाड्याला दुपारी एकला बावटा जागेवर होता.

दुपारी ३

किसान सभेच्या हिशेबाने पंधरा तास झाले होते.

कळलं ते आता : गोदूताई इथे नाहीत. त्या येणार नव्हत्या. सभा नव्हतीच. आपल्याला फसवून आणलं.

हे कळल्यावर लोक उठले. पंधरा तासांच्या गोळीबाराने जे झालं नव्हतं ते या एका माहितीने झालं. ती आदल्या रात्री देता आली असती. द्यायला माणूस लागला असता, एक.

पाच वारली ठार झाले होते. त्यांत जेठ्या गांगड. जखमी पुष्कळ.

१५ ऑक्टोबर १९४५. चार दिवसांनी

देशाचं घड्याळ एक तास मागे आलं. महायुद्धाची ती तजवीज संपली.

त्यानंतर

संप मोडला नाही. गवत उभंच होतं, आणि गवताला गोळी लागत नाही. मालकांना अडीच रुपयांचा दर मान्य करावा लागला. एका आण्याला साडेबारा पौंड.

तलवाड्याचं नाव घेताना हौतात्म्याबद्दल बोललं जातं, दराबद्दल कुणी बोलत नाही. मला दर महत्त्वाचा वाटतो. पाच माणसं मेल्यावर जो दर देता आला तो पहिल्या आठवड्यात परवडत नव्हता असं कसं म्हणायचं?

१९४६ मध्ये खेरांचं मंत्रिमंडळ पुन्हा आलं. गृहखातं मोरारजी देसाईंकडे. खेर स्वतः आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक. सिमिंग्टनचा अहवाल त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीत तयार झाला होता, म्हणजे तो त्यांनी नव्याने शोधायची गरज नव्हती. त्या वर्षाच्या हंगामात जंगलकामगारांनी सव्वा रुपया रोज मागितला आणि पुन्हा संप झाला. वर्ष संपायच्या आत परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलेलं होतं.

जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यात नानिवलीला पोलिसांनी गोळीबार केला. तिथेही पाच वारली मेले. स्वातंत्र्याला सात महिने होते.

गोदावरी परुळेकरांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. १९७० मध्ये ते आलं, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तोवर उंबरगाव तालुक्याची फाळणी होऊन गेली होती. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली, काही गावं गुजरातकडे गेली, उरलेल्यांचा तलासरी तालुका झाला. ज्या वाटांनी ते लोक त्या रात्री चालत आले त्यांच्या मधून आता राज्याची सीमा जाते.

वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा देशात २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाला. तलवाड्यानंतर ३० वर्षं आणि १५ दिवसांनी.

१९८० नंतरच्या दशकात, वैतरणेच्या अलीकडे, वसई तालुक्यातल्या दहिसर गावी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवायला सुरुवात केली. त्यांतल्या कित्येकांच्या डोक्यावरचं कर्ज लग्नाचंच होतं.